काढताना पहिला तो वरचा

वडूज, १४ एप्रिल २०२४

चि. प्रांजल,

आशीर्वाद. जहाजावर फोन लागत नाही, फोटो जात नाहीत, दिवसातून एकदा नुसता मजकूर तेवढा जातो, असं तुझ्या आईनं सांगितलं. मला त्याचं दुःख नाही. त्या निमित्तानं माणसं पूर्ण वाक्यं तरी लिहितील. हे ईमेलनं येत असलं तरी पत्र आहे, हे ध्यानात ठेव. वर गाव आणि तारीख, खाली सही. तूही तसंच लिहायचं. ‘हाय मामा’ असं सुरू केलंस तर मी पुढं वाचणार नाही.

तुझी आई सांगलीत सगळ्या गल्लीला सांगते की पोरगी नॉर्वेच्या समुद्रात मासे बघायला गेली आहे. मी तिला फोनवर दुरुस्त केलं. मासे नव्हेत, माशांचं खाणं. तर म्हणाली, ‘लाला, मासं काय आणि माशांचं खाणं काय, गारठ्यात माझी लेक हाय.’

मला तीन गोष्टी कळव. तू नेमकं काय पकडतेस. किती खोलीवरचं पकडतेस. आणि ते त्याच खोलीवरचं आहे, हे तुला कशावरून कळतं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माझा धंदाच खोलीचा आहे. बोअरमध्ये पडलेली मोटार वर काढणाऱ्या माणसाला ‘साधारण’ हा शब्द वापरून चालत नाही. तुला सुट्टीत वर्कशॉपवर आणलं की पाइपांवर खडूनं आकडे घालायला बसवायचो, ते आठवत असेल.

तुझा मामा,
लालासाहेब

•

नॉर्वेजवळचा समुद्र, २० एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. ‘हाय’ लिहिलं होतं, खोडलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी जे पकडते ते तांदळाच्या कणीएवढं असतं. कोळंबीच्या लांबच्या नात्यातलं, मोठाल्या मिशांचं, पोटात तेलाची एक लांबट पिशवी असलेलं. त्याला कोपेपॉड म्हणतात. थंडीत हे प्राणी सहाशे मीटर आणि त्याहूनही खाली जाऊन बसतात. खात नाहीत, हलत नाहीत, पोटातल्या तेलावर जगतात. इकडे एप्रिल-मेमध्ये उजेड वाढतो, वारं पडतं, वरचं पाणी खालच्या पाण्यात मिसळायचं थांबतं, आणि वरच्या चाळीस-पन्नास मीटरमध्ये अतिबारीक हिरव्या वनस्पतींचा एकाएकी बहर येतो. आपल्याकडं डाळिंबाला बहर येतो तसाच शब्द, फक्त इथं झाड नाही. पाणीच हिरवं होतं.

त्या बहराच्या आधी, ऐन बहरात आणि बहर ओसरल्यावर हे प्राणी कोणत्या खोलीवर किती असतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. कोण वर येतं, कोण खालीच राहतं, दिवसा कुठं, संध्याकाळी कुठं. ऐकायला सोपं वाटतं. पण समुद्राच्या पोटात डोकावून कोणी बघितलेलं नाही. जाळी टाकायची, वर ओढायची आणि मोजायचं. जाळीबद्दल नंतर सविस्तर लिहीन. आत्ता हात गारठलेत.

सोबत मार्ता नावाची मुलगी आहे, माझ्याच वर्गातली. आमच्या प्रमुख बाई कमी बोलतात आणि कॉफी फार पितात. येत्या शरद ऋतूत हेच जहाज पुन्हा निघणार आहे. तेव्हा आमच्यापैकी एकीलाच जागा आहे. ती मिळाली तर माझ्या कामाला वर्षाचा दुसरा अर्धा भाग मिळेल. नाही मिळाली तर अर्ध्या वर्षावरच प्रबंध लिहायचा. बाकी छान आहे. भात मिळतो, पण मऊ होत नाही.

तुमची,
प्रांजल

•

वडूज, २७ एप्रिल

चि. प्रांजल,

पत्र नीट लिहिलंस. फक्त ‘कोपेपॉड’ हा शब्द माझ्या पत्रात चालणार नाही. कोशात ‘अरित्रपाद’ आहे. अरित्र म्हणजे वल्हं. शब्द अचूक आहे, पण वडूजमध्ये कुणाच्या जिभेवर बसायचा नाही. म्हणून मी ‘वल्हेपाय’ असा शब्द केला आहे. इथून पुढं आपण दोघांनी तोच वापरायचा.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. वल्हेपाय आपल्या घराला नवे नाहीत. तुझे पणजोबा हरिबा मेंढरं घेऊन हिंडायचे तेव्हा पायऱ्यांच्या विहिरीत उतरून ओंजळीनं पाणी प्यायचे. त्यांच्या पोटरीतून नारू निघाला होता. दोऱ्यासारखा जंत. काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला की संपलं. त्यांचा तुटला. जन्मभर लंगडले. तो नारू माणसाच्या पोटात जातो तो पाण्यातल्या एका बारीक किड्यातून, आणि तो किडा म्हणजे तुझ्या तांदळाच्या कणीचा गोड्या पाण्यातला चुलतभाऊ. नारू आता देशातून गेला. किडा आहे. मिरजेच्या एका बंद पडलेल्या लॅबमधून घेतलेला सूक्ष्मदर्शक माझ्याकडं आहे. औंधला माझा दोस्त आप्पासो, त्याच्या मळ्यात विहीर आहे, तिथलं पाणी आणून मी त्याला पाहिलं. एकच डोळा, आणि झटके देत पोहतो. देखणा आहे.

हरिबा म्हणायचे की मेंढराला हिरवं दाखवावं लागत नाही, ते आपलं आपण चढतं. तुझे वल्हेपाय हिरव्यासाठी वर येतात हे वाचून मला त्यांची आठवण झाली.

माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला आहे.

तुझा मामा,
लालासाहेब

•

नॉर्वेजवळचा समुद्र, ११ मे

ती. मामा,

बहर आला. चार दिवसांपूर्वी सकाळी डेकवर आले तर पाण्याचा रंग शेवाळलेल्या हौदासारखा. बाईंनी पहिल्यांदा हसून दाखवलं.

दोन दिवस अखंड काम होतं. मार्ताला बोट लागली, ती बिछान्यातून उठली नाही. एरवी जाळीची भांडी सोडवायची, बरण्यांत ओतायची आणि बरण्यांवर खोली लिहायची ही तिची पाळी असते. हे दोन दिवस सगळं मी एकटीनं केलं. जाळीला पाच भांडी लागतात, एकेक भांडं एकेका थरातलं. हात गार पडलेले, पण आपोआप चालत होते. वर्कशॉपच्या भिंतीवर तुम्ही निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली ओळ तोंडात घोळत होती: ‘काढताना पहिला तो वरचा.’ तिच्या तालावर पाचही बरण्या भराभर लिहून झाल्या. दोन्ही दिवस.

आणि मामा, आता खरी बातमी. पहिली ढोबळ मोजणी झाली. वरच्या पन्नास मीटरच्या बरणीत जवळजवळ काहीच नाही. अगदी खालच्या, चारशे ते सहाशे मीटरच्या बरणीत मात्र वल्हेपायांचा खच. (शब्द वापरला.) हिरवा चिकटाही तिथंच. आधीच्या आणि नंतरच्या ठिकाणी ते नेहमीसारखे वर आहेत. फक्त या दोन दिवसांत खाली. पाण्यातला हिरवेपणा थराथरानं मोजणारं यंत्र नेमकं तेव्हा बंद होतं, त्यामुळं ताडून बघता आलं नाही. पण बाई म्हणाल्या, कदाचित बहर एकदम बुडाला असेल आणि प्राणी त्याच्या मागोमाग गेले असतील. असं इतक्या ठळकपणे कुणी पकडलेलं त्यांच्या पाहण्यात नाही.

मला झोप येत नाहीये.

तुमची,
प्रांजल

•

वडूज, १९ मे

चि. प्रांजल,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यातल्या दोन वेळा मोठ्यानं.

औंधला दरवर्षी मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. यंदा एका वक्त्याची गाडी कुठंशी बंद पडली. संयोजक घायकुतीला आले आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी बारावी नापास माणूस. आजवर त्या मंचावर माइकची वायर जोडायला चढलो होतो. परवा बोलायला चढलो. विषय दिला: ‘समुद्रातील वल्हेपाय आणि बहर’. तुझ्या पत्रातली बरण्यांची हकिगत वाचून दाखवली, माझ्या भिंतीवरची ओळ नॉर्वेच्या समुद्रात कामाला आली हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. शेवटी म्हणालो, हिरवं वर असताना कळप खाली जातो, हे जगात पहिल्यांदा आपल्या सांगलीच्या पोरीनं पाहिलं.

‘जगात पहिल्यांदा’ असं तू लिहिलं नव्हतंस. ते मी वाढवलं, आणि बहर बुडाल्याचं बाईंचं ‘कदाचित’ गाळलं. बोलण्याच्या भरात झालं.

आप्पासो पहिल्या रांगेत होता. खाली उतरल्यावर म्हणाला, ‘लालासाब, भाषण झ्याक झालं. पण गड्या, खायला वर आन् कळप खाली? जनावर हाय का सन्यासी?’ मी त्याला म्हटलं, तुला समुद्रातलं काय कळतं. सातारच्या एका पेपरात चार ओळींची बातमी आली आहे. कापून वर्कशॉपात लावली.

आता मला त्या जाळीची आकृती काढायची आहे. लोक विचारतात. पाचही भांडी एकाच वेळी पाण्यात जातात, मग थर वेगळे कसे राहतात? नेमकं लिही.

तुझा मामा,
लालासाहेब

•

नॉर्वेजवळचा समुद्र, २३ मे

ती. मामा,

तुमच्या भाषणाचं वाचून मला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली. ‘जगात पहिल्यांदा’ एवढं पुढच्या वेळी गाळा.

इकडे गोष्टी वेगानं चालल्यात. सहा जूनला, बंदरात शिरण्याआधी, जहाजावरच सगळ्यांपुढं मी हे मांडायचं आहे. त्याच दिवशी बाई त्याचा सारांश बाकीच्या संस्थांना पाठवणार. एकदा तो गेला की माझ्या नावावर गेला. शरदातल्या जागेबद्दल त्या स्पष्ट काही बोलल्या नाहीत. पण काल विचारलं, ‘तुला थंडीचे बूट कोणत्या मापाचे लागतात?’ मार्तानं ते ऐकलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आता जाळी. एका चौकटीत पाच जाळ्या असतात, प्रत्येकीच्या शेपटाला एक भांडं. चौकट खाली जाते तेव्हा पाचही मिटलेल्या असतात, म्हणून जाताना आत काही शिरत नाही. सहाशे मीटरवर पोचलं की आम्ही संगणकावरून पहिली उघडतो आणि वर ओढायला लागतो. चारशेवर पहिली मिटते, दुसरी उघडते. असं करत शेवटची, पाचवी, पन्नास मीटरपासून वर. मग चौकट डेकवर येते आणि पाचही भांडी एकदम सोडवतो. भांड्यांवर एक ते पाच आकडे ठोकलेले आहेत.

आकृती काढताना चौकट तिरकी दाखवा. ओढताना ती तिरकी होते.

तुमची,
प्रांजल

•

नॉर्वेजवळचा समुद्र, ३० मे

ती. मामा,

तुमचं पत्र नाही. आईला विचारलं तर म्हणाली, मामा ठणठणीत आहे, मळ्यात विहिरीवर असतो. मग तिनं विषय बदलला आणि भाताचं विचारलं. तिला विषय बदलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. काय झालंय?

प्रांजल

•

वडूज, ३१ मे

चि. प्रांजल,

झालंय ते क्रमानं लिहितो. मधूनच वाचू नकोस.

तुझं जाळीचं वर्णन वाचून मला आकृतीवर भागेना. वस्तू हातानं करून बघितल्याशिवाय मला ती कळत नाही, आणि कळली नाही तर मी दुसऱ्याला सांगत नाही, एक भाषण सोडता. सलाईनच्या जुन्या काचेच्या तीन बाटल्या घेतल्या, रबरी बुचाच्या. एका दोराला थोड्या थोड्या अंतरावर बांधल्या, खाली दगड. प्रत्येक बुचाला वेगळी बारीक दोरी. बाटल्या बंद जातील, तळाशी पोचल्या की एकीचं बूच ओढायचं, दोर वर घेत मध्यावर दुसरीचं, पाण्याच्या तोंडाशी तिसरीचं. खाली पाण्याच्या दाबानं बूच घट्ट बसतं, झटका द्यावा लागतो. आप्पासोची विहीर पाझर तलावाखाली आहे, म्हणून यंदाच्या दुष्काळातही अडीच परस पाणी आहे. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडं विहीर अजून त्यानंच मोजतात.

आप्पासोच्या हातात बुचांच्या दोऱ्या दिल्या, मी दोर धरला. सगळं ठरल्याप्रमाणं झालं. बाटल्या काठावर आल्या. आप्पासोनं उघडली त्या क्रमानं एकेक हातात दिली आणि मी मार्करनं लिहिलं. पहिली: ‘वर’. दुसरी: ‘मध्य’. तिसरी: ‘तळ’.

आप्पासो बघत उभा होता. म्हणाला, ‘लालासाब, तुझ्या शास्त्रात गाळ वर तरंगतो व्हय रं?’

मी बघितलं. ‘वर’ लिहिलेल्या बाटलीत चार बोटं गाळ होता. ‘तळ’ लिहिलेली बाटली निवळशंख. मी त्याच्यावरच खेकसलो, की तू दोऱ्यांची सरमिसळ केलीस. तो म्हणाला, ‘मी उघाडली तशी दिली. पयली उघाडली ती तळाला न्हवं का? तूच म्हनलास, वड.’

मी काठावर बसलो.

पाइप काढताना पहिला हातात येतो तो वरचा, कारण पाइप एकामागून एक बाहेर येतात. तीस वर्षं मी तसंच लिहीत आलो आहे, आणि तुला तसंच लिहायला शिकवलं आहे. पण या बाटल्या सगळ्या एकदम बाहेर येतात, आणि पहिली म्हणजे आधी उघडली ती. ती तळाची. माझा हात डोक्याला न विचारता लिहून मोकळा झाला.

आता तुझं ११ मेचं पत्र काढून बघ. मार्ता आजारी, तू एकटी, हात गारठलेले, आणि तोंडात माझी ओळ. क्रमांक एकच्या भांड्यातलं तू ज्या बरणीत ओतलंस, तिच्यावर कोणती खोली लिहिलीस? आणि ज्या दिवशी मार्तानं लिहिलं त्या प्रत्येक दिवशी वल्हेपाय वर का आहेत?

हे मला रविवारी कळलं. आज शुक्रवार. मधले दिवस मी पत्र लिहिलं नाही, कारण भिंतीवर ते पेपरचं कात्रण होतं. तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘लाला, आत्ता नको. तिचं तेवढं व्हऊ दे. घरी आली की निवांत सांग.’ तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, ती आई आहे. पण सहा तारीख आली. नंतर सांगितलेलं तुझ्या काही उपयोगाचं नाही.

माझंही चुकत असेल. बरण्या तुझ्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत. गाळ बघ.

मामा

•

नॉर्वेजवळचा समुद्र, १ जून

ती. मामा,

मी पाच वर्षं हेच काम करते आहे. आकडे बाईंनी पाहिलेत, मार्तानं पाहिलेत. तुमच्या विहिरीत जे झालं ते तुमच्या विहिरीत झालं. समुद्रात बाटलीनं उमजण्यासारखा गाळ नसतो.

भाषण तुम्ही न विचारता केलंत, आणि आता पाच दिवस उरले असताना हे. आपण सहा तारखेनंतर बोलू.

प्रांजल

•

नॉर्वेजवळचा समुद्र, ४ जून

ती. मामा,

नमस्कार. बसून लिहिते आहे, सावकाश.

समुद्रात गाळ नसतो हे बरोबर आहे. पण गाळासारखं काही असतं का, हा प्रश्न मला त्या पत्रानंतर सोडेना. म्हणजे असं काही, जे फक्त तळाकडंच असतं आणि कधी वर येत नाही.

असतं. वल्हेपायांची एक मोठी, शिकारी जात आहे. तिची मादी गडद निळ्या अंड्यांचा घोस पोटाशी घेऊन फिरते. ती उजेडात येत नाही, खोल काळोखात राहते. बरणीत औषध घातलं की निळा रंग उडतो, पण घोस तसाच राहतो. माझ्या ‘०–५०’ लिहिलेल्या बरणीत अशा एकवीस माद्या निघाल्या. मामा, त्या मला आधीच दिसल्या होत्या. जाळी नीट धुतली गेली नसेल, आधीच्या ठिकाणच्या चिकटून राहिल्या असतील, असं लिहून मी त्यांना बाजूला ठेवलं होतं.

मग मी दुसऱ्या टोकाची बरणी उघडली, ‘४००–६००’ची. ती नुकत्या फुटलेल्या पिल्लांनी भरलेली. पिल्लं हिरव्याला सोडून कुठं जात नाहीत. सहाशे मीटर खाली जायला त्यांना बळही नाही आणि कारणही नाही. हिरवा चिकटा तर तिथं होताच. बहर बुडाला नव्हता. बहर जिथल्या तिथं होता, मीच त्याला बुडवला.

दोन्ही दिवस, मधली तेवढी सोडून सगळ्या बरण्या. उलट्या.

तासभर मी झाकणं लावत बसले. कुणाला कळलं नसतं असं नाही, कधीतरी कळलंच असतं. पण परवा नसतं कळलं. मग जेवणघरात गेले. बाई एकट्या कॉफी पीत होत्या. त्यांना तुमच्या पाइपांपासून सगळं सांगितलं. पाइपांची गोष्ट इंग्रजीत सांगणं फार अवघड आहे. हातानं करून दाखवलं, मिठाच्या आणि मिरीच्या डब्या एकावर एक ठेवून. त्यांनी कप संपवला. म्हणाल्या, ‘नवी लेबलं लाव. जुनी खरवडू नकोस. वरून चिकटव, म्हणजे खालचं दिसेल.’ एवढंच. उठताना त्यांनी माझा कपही नेऊन ठेवला.

सहा तारखेला आता मार्ता तिचं काम मांडेल. शरदातली जागाही तिला मिळाली. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी हिवाळाभर किनाऱ्यावर बरण्या मोजणार. मार्ता रात्री तिचा चॉकलेटचा डबा माझ्या बिछान्यावर ठेवून गेली.

बरण्या सुलट केल्यावर काय निघालं, ते तुम्ही विचारालच. पिल्लं वर, हिरव्यात. खाणाऱ्या माद्या वर, फक्त दिवसा जरा खाली सरकतात, माशांच्या नजरेपासून. आणि थोडे, अगदी थोडे, ज्यांची तेलाची पिशवी बहराच्या मध्यातच भरली, ते सगळ्यांना सोडून खाली निघालेले. वर अजून जेवण वाढलेलं असताना. यात नवं काही नाही, पुस्तकात आहे. पण हे मी मोजलेलं आहे आणि सुलट आहे.

१ तारखेचं पत्र फाडून टाका. ईमेल फाडता येत नाही, तरी फाडा.

तुमची,
प्रांजल

•

वडूज, १० जून

चि. प्रांजल,

आशीर्वाद. १ तारखेचं पत्र फाडलेलं नाही. बाईंनी सांगितलंय ना, खालचं दिसलं पाहिजे.

तुझ्या जागेचं वाईट वाटलं. ते वाटतं आहे, त्यावर मी काही शहाणपण सांगत नाही. तुझ्या आईला फोन केला, तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, ‘हिवाळाभर किनाऱ्यावर म्हंजी जहाजावर न्हाई ना? बरं झालं.’ तिच्या दृष्टीनं तू जिंकलीस.

आता माझ्याकडचं. व्याख्यानमाला संपून गेली होती. पण शनिवारी औंधला त्याच मंडपात आभाराचा कार्यक्रम होता. मी संयोजकांकडं वेळ मागितला. ते म्हणाले, राहू द्या हो, कोण लक्षात ठेवतंय. मी म्हटलं, मी ठेवतो. मंचावर गेलो. जेवढा वेळ चुकीचं सांगायला घेतला होता तेवढाच बरोबर सांगायला घेतला, घड्याळ समोर ठेवून. तिन्ही बाटल्या नेल्या होत्या. लेबलं तशीच, गाळासकट. लोक आधी चुळबुळले, मग गाळ बघायला पुढं आले. निळ्या अंड्यांचंही सांगितलं. ‘जगात पहिल्यांदा’ हे शब्द मी माझ्या पदरचे घातले होते, हेही सांगितलं.

मागून एक म्हातारं धनगर उठलं. म्हणालं, ‘म्हंजी त्येबी आमच्या मेंढरागतच निगालं म्हना की! पिल्लू हिरव्यात, आन् पोट भरलं की सावलीला.’ सगळा मंडप हसला. मीही हसलो. मग त्यानं विचारलं, ‘आन् ज्याचं आदी भरलं, त्ये एकटंच का खाली जातं? कळप सोडून?’ तुला उत्तर येत असेल तर लिही, त्याचा पत्ता घेऊन ठेवला आहे.

येताना आप्पासो वर्कशॉपवर आला. कात्रण मी काढलं होतं, तिथं भिंतीवर चौकोन राहिला आहे. त्यानं तो बघितला, मग वरची निळी ओळ बघितली. म्हणाला, ‘ही बी पूस की आता. हिनंच घोळ केला सगळा.’

मी त्याला बाहेर काढलं. ओळ का पुसायची? तीस वर्षं एकही मोटार या ओळीमुळं चुकलेली नाही. ओळ बरोबर आहे.

तो गेल्यावर निळ्या रंगाचा डबा काढला. वर साय आली होती, ती काडीनं बाजूला केली. शिडी लावली आणि त्याच अक्षरात, त्याच उंचीचं, ओळीच्या पुढं एवढंच वाढवलं:

‘फक्त पाइपांना.’

तुझा मामा,
लालासाहेब